सीताबर्डीची तोफ टेबलावर



ज्या खेळाविषयी आज बोलावयाचे आहे, त्याला मराठीत अद्याप रूढ नाव नाही. टेबलावर वाळू, भुसा आणि पुठ्ठा यांच्या टेकड्या व नाले रचावयाचे, त्यांच्यावर बोटाच्या पेराएवढे किंवा त्याहूनही लहान सैनिक उभे करावयाचे, आणि इतिहासात घडून गेलेली एखादी लढाई मोजपट्टी व फासे घेऊन पुन्हा लढून पाहावयाची, असा हा खेळ आहे. आपण त्याला सोयीसाठी युद्धखेळ म्हणू. बुद्धिबळाशी त्याचे दूरचे नाते आहे. पण बुद्धिबळात हत्ती किती पावले चालतो हे कोणी खऱ्या हत्तीला विचारलेले नसते. युद्धखेळात मात्र प्रत्येक नियमाला खऱ्या रणांगणाची साक्ष लागते.

या खेळाची गंभीर वंशावळ प्रशियाच्या सैन्यात सापडते. राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांच्या कल्पनेवर संस्कार करून १८२४ साली नकाशावरचा खेळ सिद्ध केला. नकाशा होता एकास आठ हजार या प्रमाणाचा, आणि त्यावर सैन्याच्या तुकड्या म्हणून सरकावयाचे ते धातूचे लहान ठोकळे. त्या ठोकळ्यांना ना चेहरा ना बंदूक. परंतु तुकडी खऱ्या रणांगणावर जेवढी जागा व्यापील, तेवढीच जागा ठोकळा नकाशावर व्यापी. दुसरी शाखा इंग्लंडात फुटली. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्याच्या खेळात खेळण्यातली स्प्रिंगची तोफ लाकडी गोळी खरोखरच उडवी आणि जो शिपाई आडवा पडेल तो मेला असे धरले जाई. प्रशियन अधिकाऱ्याला प्रमाण हवे होते. वेल्सला गंमत हवी होती. आजचा युद्धखेळ या दोहोंच्या मधोमध उभा आहे, आणि त्याची सगळी भांडणेही तिथेच आहेत.

त्या भांडणांतले एक जुने भांडण असे की, पायदळाबरोबर चालणारी जी साहाय्यक शस्त्रे, म्हणजे पूर्वीच्या काळी पलटणीची हलकी तोफ आणि अलीकडच्या काळी मशीनगन व उखळी तोफ, ती या चिमुकल्या जगात दाखवावयाची कशी? वरवर पाहता प्रश्न क्षुल्लक वाटतो. तोफ आहे, तोफ ठेवावी. परंतु ती ठेवताच पट सगळा बिघडतो. तो कसा बिघडतो हे आपल्या घराजवळच्या एका लढाईवरून पाहू.

आमच्या सौंसरापासून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटरांवर आहे. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके आज मध्य प्रदेशात आहेत, २०२३ पासून त्यांचा मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हाही झाला आहे. पण भोसल्यांच्या काळी हा मुलूख नागपूरच्या राज्यातला. त्या राज्याचे भवितव्य ज्या लढाईने ठरले ती सीताबर्डीची लढाई २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सुरू झाली आणि रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास संपली. माझ्या वर्गातील मुले दरवर्षी हा धडा वाचतात. इतक्या मोठ्या फौजेला इतक्या थोड्या लोकांनी कसे हरविले, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारते. त्याला फितुरी, दुर्दैव, शिस्त अशी ठरीव उत्तरे देता येतात. परंतु टेकड्या टेबलावर मांडून दाखविल्या म्हणजे यांतले कोणतेही उत्तर पुरेसे नाही हे मुलांच्या आपोआप ध्यानात येते. म्हणून ही मांडणी शक्य तितकी खरी झाली पाहिजे, आणि तोफेच्या आकाराचा प्रश्न हा केवळ हौशी लोकांचा प्रश्न राहत नाही.

प्रथम रणभूमी पाहू. सीताबर्डीला दोन टेकड्या आहेत, एक मोठी आणि तिच्या उत्तरेस एक लहान. दोहोंना जोडणारी एक चिंचोळी सोंड होती, आणि दोन्ही टेकड्यांत अंतर सुमारे तीनशे यार्डांचे. पायथ्याशी वस्तीच्या झोपड्या. इंग्रजांच्या बाजूला रेसिडेंट जेन्किन्स यांच्या रक्षणासाठी कर्नल स्कॉट यांच्या हाताखाली चौदाशेच्या आसपास माणसे होती. त्यांत मद्रासकडील विसाव्या व चोविसाव्या पलटणींचे शिपाई आणि बंगालच्या सहाव्या रिसाल्याचे तीन तुरूप. तोफा अवघ्या चार, त्याही सहा पौंडी, म्हणजे सहा पौंड वजनाचा भरीव गोळा फेकणाऱ्या हलक्या तोफा. आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूला इंग्रजांच्याच हिशेबाने सुमारे अठरा हजार लोक आणि छत्तीस तोफा; या फौजेत अरबांची संख्या तीन हजारांच्या घरात होती, आणि लढाईचा खरा भार त्यांनीच उचलला. हे आकडे विजेत्यांनी लिहून ठेवलेले आहेत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. विजेता शत्रूची संख्या सहसा कमी सांगत नाही.

आता प्रमाण ठरवावयाचे. टेबलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर असे धरू. मग दोन टेकड्यांमधील अंतर सत्तावीस सेंटिमीटर भरते, आणि साऱ्या लढाईला एक साधे जेवणाचे टेबल पुरते. त्या काळच्या बंदुकीचा बार सांघिक माऱ्यासाठी शंभर यार्डांच्या आत परिणामकारक धरावा. ते झाले नऊ सेंटिमीटर. गोळी त्याच्या पुढेही जाते, पण तिला नेम म्हणता येत नाही. सहा पौंडी तोफेचा छर्ऱ्यांचा डबा, म्हणजे कित्येक डझन गोळ्या एकदम उधळणारा पत्र्याचा डबा, अडीचशे मीटरांपर्यंत भयंकर. ते झाले पंचवीस सेंटिमीटर. भरीव गोळा मात्र कितीतरी दूर जातो आणि टेबलाचा बहुतेक भाग त्याच्या टप्प्यात येतो. एवढी मापे कागदावर उतरवली की एक गोष्ट लख्ख दिसते. लहान टेकडी हातची गेली, तर मोठ्या टेकडीवरच्या शिपायाला तिच्यावर बंदुकीने फारसे काही करता येणार नाही; पण लहान टेकडीवर बसलेल्या तोफेला मोठ्या टेकडीचे सारे काही करता येईल. लढाईचे रहस्य बंदुकीपेक्षा तोफेत आहे ते असे.

पुढची पायरी सैनिकांची. बाजारात पंधरा मिलिमीटर उंचीचे सैनिक पुष्कळ ठिकाणी वापरतात. ते खऱ्या माणसाच्या शंभराव्या हिश्शाचे असतात. जमिनीचे प्रमाण मात्र हजारास एक. म्हणजे आपल्या रणांगणावर आपला शिपाई पंधरा मीटर उंच, चारमजली घराएवढा, उभा आहे! याला इलाज नाही. अगदी जमिनीच्या प्रमाणात शिपाई करावयाचा तर तो दीड मिलिमीटरांचा होईल आणि तो शिपाई आहे की मोहरीचा दाणा हे सांगता येणार नाही. नाताळात आमच्या घरी गव्हाणीचा देखावा मांडतात, त्यात मेंढरू गाढवाच्या खांद्याला लागते आणि मेंढपाळ गोठ्याच्या छपरातून डोकावतो. पाहणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. डोळा अशा गोष्टी क्षमा करतो. मोजपट्टी करीत नाही.

म्हणून युद्धखेळात एक तोड काढली आहे. एक बाहुली म्हणजे एक माणूस नव्हे, वीस माणसे. लहान टेकडीवर कॅप्टन सॅडलर यांच्या हाताखाली तीनशे शिपाई होते. त्यांच्या पंधरा बाहुल्या झाल्या. तीनशे माणसे दोन रांगांत उभी राहिली तर सुमारे पंच्याऐंशी मीटर लांबीची फळी होते, आणि पंधरा बाहुल्या दोन रांगांत ठेवल्या तर आठ सेंटिमीटर. पहा, रुंदीचा हिशेब किती नेमका जमला! खोलीचा जमत नाही. दोन रांगांची खरी खोली दोन-अडीच मीटर, आणि आपल्या बाहुल्यांची तीन सेंटिमीटर, म्हणजे तीस मीटर. पण पायदळाची लढाई रुंदीवर चालते. खोलीतला खोटेपणा खपून जातो.

आणि इथे तोफ येते.

लहान टेकडीवर तोफ होती एकच. वीस माणसांना एक बाहुली या न्यायाने एका तोफेला किती तोफ द्यावयाची? विसावा हिस्सा? पुष्कळ छापील नियमांत तोफेची एक प्रतिकृती म्हणजे चार किंवा सहा तोफांचा तोफखाना असे धरतात. नेपोलियनच्या लढायांना, जिथे शेकडो तोफा आहेत, ते ठीक आहे. सीताबर्डीला तो नियम लावला तर इंग्रजांच्या चारही तोफांची मिळून एक प्रतिकृती होते, आणि ती एक प्रतिकृती मोठ्या टेकडीवर ठेवावी तर लहान टेकडी तोफेवाचून राहते; लहानीवर ठेवावी तर मोठी. जी तोफ हातची गेल्यामुळे साऱ्या लढाईचे पारडे फिरले, तीच तोफ अशा नियमात अस्तित्वात नाही! उलट, एका तोफेस एक प्रतिकृती द्यावी तर दुसरी आपत्ती. पंधरा मिलिमीटरांच्या मापाची तोफ, तिच्याभोवती चार गोलंदाज, गज घेतलेला एक, पलीता घेतलेला एक, हे सारे ज्या पट्टीवर बसवावे ती चार सेंटिमीटर रुंद होते. खऱ्या जमिनीवर हे चाळीस मीटर झाले. एका तोफेला रांगेत पंधरा मीटर पुरत असताना ही तोफ जवळजवळ तीन तोफांची जागा अडवते, आणि तीनशे शिपायांच्या फळीची निम्मी रुंदी एकटीच खाऊन टाकते. मुलाच्या डोळ्याला साहजिकच वाटते की टेकडीचे अर्धे रक्षण तोफ करीत होती.

या दोन आपत्तींतून वाट काढण्याचे माझ्या मते दोन उपाय आहेत, आणि दोन्ही एकदम योजावे लागतात. एक म्हणजे मापच लहान घ्यावे. सहा मिलिमीटरांचे सैनिक मिळतात, ते खऱ्याच्या सुमारे तीनशेव्या हिश्शाचे. त्यांची तोफ, जिची खरी नळी पाच फुटांच्या आसपास, ती पाच मिलिमीटरांची, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून थोडी लांब होते. गोलंदाजांसह ती दीड-दोन सेंटिमीटरांच्या पट्टीवर मावते, आणि शिपायांशी तिचे नाते पुष्कळसे सुधारते. हौशी लोक कुरकुरतात की इतक्या लहान तोफेवर रंगकाम कोणाला दिसणार? त्यांचे बोलणे खरे आहे. पण लढाई समजून घेण्यासाठी तोफेचे बटण आणि खिळा दिसावयास हवा असे मला वाटत नाही. ती कोठे आहे, कोणाकडे तोंड करून आहे आणि तिच्याजवळ माणसे आहेत की नाहीत, एवढे तीन हात अंतरावरून दिसले म्हणजे पुरे.

दुसरा उपाय असा की, तोफेची संख्या प्रतिकृतीने दाखवावी, पण तिचे सामर्थ्य नियमाने दाखवावे. डोळ्याला एक तोफ दिसो. तिच्या एका बाराने किती बाहुल्या उचलावयाच्या हे फासे आणि अंतर यांनी ठरो. पंचवीस सेंटिमीटरांच्या आत, छर्ऱ्यांचा डबा असताना, तिला भरपूर फासे द्यावे. त्याच्या पलीकडे एक किंवा दोनच. असे केले की मूल तोफेच्या दिसण्याला भुलत नाही. दूरची तोफ आवाज पुष्कळ करते आणि माणसे थोडी मारते, जवळची तोफ एका क्षणात रांग पाडते, हे त्याला फाशांतून समजते.

परंतु एवढ्यानेही सीताबर्डी पुरी होत नाही. २७ तारखेच्या सकाळी लहान टेकडीवर जे घडले ते तोफेच्या माऱ्याने घडले नाही. तोफेजवळच्या दारूगाड्याचा स्फोट झाला. त्या गोंधळाचा फायदा घेऊन अरब हातात तलवारी घेऊन चढले आणि त्यांनी टेकडी घेतली. सॅडलर त्या टेकडीवर आधीच पडले होते. अरबांनी तीच तोफ लगेच मोठ्या टेकडीकडे वळविली. पुढे कॅप्टन फिट्झजेराल्ड यांनी वरिष्ठांची परवानगी नसता स्वतःच्या जबाबदारीवर घोडेस्वारांनिशी हल्ला केला आणि भोसल्यांच्या दोन तोफा घेऊन त्या त्यांच्यावरच डागल्या. आणि मग, दैवाची गती पहा, लहान टेकडीवर अरबांच्या मध्येही दारूचा स्फोट झाला, आणि त्या संधीस इंग्रजांच्या पायदळाने टेकडी परत घेतली. इंग्रजांकडील मेलेले व जखमी साडेतीनशेहून अधिक होते, म्हणजे चौघांत एक. मोठ्या फौजेचा सहज पराभव झाला, ही समजूत या एका आकड्याने दूर व्हावी.

तेव्हा या लढाईतील साहाय्यक शस्त्र म्हणजे केवळ नळी व चाके नव्हेत. गोलंदाज, दारूगाडा आणि ओढणारे बैल हे सारे मिळून ते शस्त्र होते. बहुतेक नियमांत तोफेवर शत्रू चालून आला की तोफ टेबलावरून उचलून घेतात. सोय म्हणून ते बरे. सीताबर्डीला ते चालणार नाही. आमच्या मांडणीत तोफ एका पट्टीवर, गोलंदाज दुसऱ्या पट्टीवर आणि दारूगाडा तिसऱ्या पट्टीवर असतो. गोलंदाज मेले तरी तोफ तिथेच राहते. ज्याची माणसे तिच्यापाशी पोचतील त्याने ती वळवावी. फक्त वळविण्यात एक पाळी जाते आणि शिकलेले गोलंदाज नसल्यास एक फासा कमी मिळतो. दारूगाड्यासाठी असा नियम ठेवला आहे: तोफ डागली की दर पाळीला दोन फासे टाकावे, आणि दोन्हींवर सहा पडले तर गाडा उडाला.

हा नियम ऐकून मुले हसतात, कारण दोन षटकार पडण्याचा संभव छत्तिसात एक. त्यांना फळ्यावर हिशेब करून दाखवावा. एक तोफ बारा पाळ्या डागली तर तिचा गाडा उडण्याचा संभव शंभरात एकोणतीस होतो. आणि चारही तोफा बारा-बारा पाळ्या डागल्या, तर त्यांपैकी निदान एक गाडा उडण्याचा संभव शंभरात चौऱ्याहत्तर! ज्याला आपण दैव म्हणतो ते अठरा-वीस तास उघड्या दारूजवळ पेटता पलीता हलविण्याचे साधे गणित असते. इतिहासाच्या तासाला गणिताचे शिक्षक दाराशी उभे राहून ऐकू लागले, असा हा एकच धडा मला माहीत आहे.

बैलांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण तो आपल्या भागाचा विषय आहे. विदर्भात आणि आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. लाकडाचे नंदीबैल सजवून मुले मिरवीत नेतात. ही चाल नागपूरकर भोसल्यांच्या काळी सुरू झाली असे सांगतात. (त्याच दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात गोटमार होते, दोन्ही काठांवरून दगड फेकले जातात, आणि दरवर्षी माणसे जखमी होतात. ज्याला लढाईची हौस आहे त्याने ती टेबलावर भागवावी, असे माझे मत आहे, पण असो.) तान्ह्या पोळ्याचा बैल आपल्या तोफेच्या मानाने हत्तीहून मोठा ठरेल, तेव्हा तो वापरता येत नाही, मातीचे लहान बैल करावे लागतात. पण बैल मात्र हवेतच. जालना जिल्ह्यात असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या कवायती पलटणींशी वेलस्लीची गाठ पडली. शिंद्यांच्या तोफा पायदळाच्या फळीला लागूनच उभ्या होत्या, आणि त्यांच्या माऱ्याने वेलस्लीच्या तोफांचे बैल व गोलंदाज इतके पडले की त्याला आपल्या तोफा मागेच सोडून केवळ संगिनींच्या बळावर पुढे जावे लागले. बैल नसलेली तोफ रणांगणावर असून नसल्यासारखी. त्याच लढाईत इंग्रजांची फळी शिंद्यांच्या तोफांवरून पुढे निघून गेल्यावर, मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून शत्रूच्या पाठीवर डागल्या. शेवटी सुमारे शंभर तोफा वेलस्लीच्या हाती लागल्या खऱ्या. पण ज्या नियमात तोफ ओलांडली की ती संपली, त्या नियमाने असई खेळणाऱ्याला शिंद्यांच्या गोलंदाजांची निष्ठा कधीच दिसणार नाही.

आता काळ सव्वाशे वर्षे पुढे नेऊ. तोफेची जागा मशीनगनने आणि उखळी तोफेने घेतली, आणि आपला प्रश्न सुटण्याऐवजी उलटा झाला. पूर्वीचे शस्त्र टेबलावर फार मोठे दिसत होते. नवे शस्त्र दिसतच नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणींजवळ असलेली तीन इंची उखळी तोफ घ्या. तिची नळी सव्वा-दीड मीटरची. सहा मिलिमीटरांच्या मापात ती चार-पाच मिलिमीटरांची काडी होते. पण तिचा सुधारलेला पल्ला अठ्ठावीसशे यार्डांचा. आपल्या प्रमाणात अडीच मीटर! टेबल संपते, वर्गाची भिंत येते, तरी पल्ला संपत नाही. शिवाय ती टेकडीच्या मागे, शत्रूच्या नजरेआड बसते. तिला टेबलावर ठेवणे हीच मुळात असत्य गोष्ट. म्हणून जाणते खेळाडू उखळी तोफ ठेवीतच नाहीत. ते फक्त तिचा निरीक्षक ठेवतात, दुर्बीण आणि टेलिफोन घेतलेला एकटा माणूस. त्याला शत्रू दिसला तर मारा होतो. तो मेला किंवा तार तुटली तर मागे सहा तोफा असून उपयोग नाही. प्लाटूनजवळची दोन इंची लहान उखळी तोफ निराळी. तिचा पल्ला पाचशे यार्ड, एका माणसाने उचलून न्यावी अशी. तिच्यासाठी वेगळी बाहुली न करता त्या प्लाटूनच्या पट्टीलाच धूर उडविण्याचा अधिकार द्यावा, हे बरे.

मशीनगनचे काम याहून सूक्ष्म आहे. पाण्याच्या डब्याची व्हिकर्स मिनिटाला साडेचारशे-पाचशे गोळ्या सोडते हे वाचून नवखा खेळाडू तिला तितकेच फासे देतो आणि एका पाळीत समोरची कंपनी नाहीशी करतो. प्रत्यक्षात असे क्वचित घडते. मशीनगन माणसे मारते त्याच्या कितीतरी पट माणसांना जमिनीला खिळविते. तिच्या टापूत जो आला तो आडवा पडतो, मान वर करीत नाही, पुढे सरकत नाही. आणि तेवढ्या वेळात तिच्या बाजूचे पायदळ हालचाल करते. साहाय्यक शस्त्र हा शब्दच तिला शोभतो, कारण ती जिंकत नाही, दुसऱ्याला जिंकू देते. टेबलावर हे दाखविण्यासाठी मेलेल्यांची गणती न करता त्या पट्टीजवळ कापसाचा एक बोळा ठेवावा. बोळा आहे तोवर ती पट्टी हलावयाची नाही. दर पाळीला फासा टाकून बोळा काढता येतो, आणि जवळ अधिकारी असला तर लवकर निघतो.

या नियमात एक उणीव राहते, आणि ती मराठी माणसाला विशेष जाणवावी. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीची एक तुकडी जवळून होणाऱ्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीचा नायक सोडून बाकीचे सारे मेले किंवा जखमी झाले. तो नायक म्हणजे रायगड जिल्ह्यातील पळसगावचे यशवंत घाडगे, वय बावीस. ते एकटेच धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी मशीनगन व तिचा चालक यांना गप्प केले, टॉमीगनने आणखी एकाला मारले, आणि नवी गोळ्यांची पेटी चढविण्यास वेळ नसल्यामुळे बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळविले. त्यानंतर लपून नेम धरणाऱ्यांच्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढल्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीकाठी त्याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे नामदेव जाधव यांनी जखमी अवस्थेत मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली व तेच पदक मिळविले. ते वाचले आणि घरी परतले. इटलीतील मोंतोने या गावात २०२३ साली घाडगे यांच्या स्मरणार्थ छायेचे घड्याळ उभारले गेले आहे.

आता सांगा, ज्या खेळात एक पट्टी म्हणजे एक प्लाटून, त्यात यशवंत घाडगे कोठे आहेत? आमच्या नियमाप्रमाणे त्यांच्या तुकडीजवळ कापसाचा बोळा आहे, ती हलू शकत नाही, आणि ज्या पट्टीवरची माणसे पडली ती पट्टी उचलावयाची. खेळ इथे बरोबर आहे. शंभरांपैकी नव्याण्णव वेळा असेच घडते. काहीजण यासाठी वीराची वेगळी बाहुली ठेवतात व तिला जास्त फासे देतात. मला ते रुचत नाही. वीर कोण हे लढाईपूर्वी कोणाला ठाऊक नसते, आणि ज्याला आधीच जास्त फासे मिळाले त्याने काय विशेष केले? त्यापेक्षा आम्ही एवढेच करतो: खिळलेल्या पट्टीच्या फाशावर सहा आले, तर पुन्हा एकदा फासा टाकावयाचा, आणि तोही सहा आला तर ती पट्टी बोळा बाजूला सारून समोरच्या मशीनगनवर चालून जाते, मग पुढे तिचे काय व्हावयाचे ते होवो. हे त्याच दोन षटकारांचे गणित. सीताबर्डीचा दारूगाडा ज्या संभवाने उडतो, त्याच संभवाने इथे एक माणूस उठतो.

ज्यांना हा उद्योग करून पाहावयाचा आहे त्यांच्यासाठी सामानाविषयी दोन शब्द. सीताबर्डीसाठी विकतच्या सैनिकांची गरज नाही. माणसांच्या जागी तुरीच्या डाळीचे दाणे पुठ्ठ्यावर चिकटवले तरी चालते. लाल रंगाचे इंग्रजांचे शिपाई आणि पांढरे अरब एवढा भेद पुरेसा आहे. तोफेसाठी उदबत्तीच्या काडीचा तुकडा आणि शर्टाची दोन बारीक बटणे. टेकडीसाठी वर्तमानपत्राच्या लगद्यावर गेरू. प्रतिपक्षाची सारी अठरा हजार माणसे मांडण्याचा मोह मात्र आवरावा; दोन टेकड्यांच्या त्या सोंडेवर आणि चढावर एका वेळी आठ-दहा सेंटिमीटरांपेक्षा जास्त रुंद फळी लढूच शकत नाही, आणि बाकीचे दाणे टेबलाच्या कडेला ताटकळत उभे राहतात. मुलांना ते ताटकळणारे दाणे अवश्य दाखवावे. त्यांच्या वार्षिक प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथे आहे. सीताबर्डीचा किल्ला आज लष्कराच्या ताब्यात असून वर्षातून मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतो. त्या दिवशी मुलांना घेऊन गेल्यास मोठ्या टेकडीवरून उत्तरेकडे तोंड करून उभे राहावे आणि लहान टेकडी किती जवळ आहे ते त्यांना डोळ्यांनी मोजू द्यावे.